भिंतीपलीकडचं ताट

भामाबाई गेली त्याला पंधरा दिवस झाले आणि कुपवाडातली पंगत पुन्हा सुरू झाली.

ही पंगत म्हणजे काही संस्था नव्हती. बोर्ड नव्हता, अध्यक्ष नव्हता. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एका बंद वर्कशॉपची पत्र्याची शेड मालकानं वापरायला दिली होती. आसपासच्या गल्ल्यांतली दहा-बारा घरं, बहुतेक आटपाडी-जतकडून मेंढरं सोडून कारखान्यात आलेली, रोज घरटी पाच-सहा भाकरी पाठवायची. आमटीचं पातेलं रंगुबाई चढवायची. दुपारी साडेबाराला जो येईल तो बसायचा. ठेकेदारानं काम बंद केलेले, स्टेशनावर झोपणारे, दारूपायी घरानं बाहेर काढलेले. भामाबाईचा नियम एवढाच होता की पंगतीत बसलेल्याला एकच प्रश्न विचारायचा, अजून वाढू का. नाव, गाव, का पितोस, हे काही विचारायचं नाही.

पिणाऱ्यांसाठी तिची वेगळी युक्ती होती. त्यांना ती सकाळी नऊला कांदे चिरायला बसवायची. दारूचं दुकान दहाला उघडायचं. दहा वाजता माणसाच्या पायाखाली विळी आणि डोळ्यांत पाणी असलं की तेवढी वेळ निघून जाते, असं ती म्हणायची. अमृत असाच दोन वर्षं कांदे चिरत होता. दोन वर्षं त्यानं थेंब घेतला नव्हता.

तिचा नवरा बाळासो याला यातलं फारसं माहीत नव्हतं. तीस वर्षं तो प्रेस मशीनवर होता, आधी दोन पाळ्या, मग ओव्हरटाइम. बायको दुपारी कुठंतरी लोकांना जेवायला घालते, एवढं त्याला ठाऊक होतं. ती झोपेतच गेली. दिवस घातले, पाहुणे परत गेले आणि सोळाव्या दिवशी बाळासो घरातल्या शांततेला भिऊन शेडमध्ये येऊन बसला. रंगुबाईनं त्याच्यापुढं भाकऱ्यांची बुट्टी सरकवली आणि वाढायला लाग म्हणाली.

पंगत उठायच्या आधी रंगुबाईनं एक ताट भरलं. दोन भाकरी, आमटी, कांदा, खर्डा. भरून झाल्यावर ती ताटाकडं बघतच राहिली.

“आरं, सवयीनं भरलं बघ,” ती म्हणाली. “हे भामाचं ताट.”

भामाबाई रोज एक ताट शेडमागच्या भिंतीपलीकडं नेऊन ठेवायची. तिथं पडीक प्लॉट होता, वेडी बाभळ माजलेली, मधोमध एक जुनी विहीर आणि विहिरीच्या पलीकडं पाण्याच्या मोटारीची मोडकी खोली. भिंतीत एक खिंडार होतं, त्यातून ती जायची, विहिरीच्या कठड्याजवळ एका सपाट दगडावर ताट ठेवायची आणि मागं न बघता परत यायची. कोणाचं ताट म्हणून रंगुबाईनं एकदा विचारलं होतं. ज्याचं हाय त्याला, एवढंच भामाबाई म्हणाली. मग बायकांनी आपसात ठरवून टाकलं की विहिरीतल्या साती आसरांना निवद असणार. त्यांच्या मुलखात असल्या निवदाची रीत सगळ्यांना माहीत होती. निवद ठेवायचा, वळायचं आणि चालू लागायचं. मागं वळून बघितलं की घेणारा निघून जातो, तो पुन्हा कधी येत नाही.

बाळासो ते ताट घेऊन गेला. बाराची वेळ टळली होती, तरी ऊन असं होतं की सावली पायाखालीच राहत होती. त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी होती, त्यामुळं नेहमीचा मशीनचा घरघराट नव्हता. तीस वर्षं तो आवाज कानात असलेल्या माणसाला ती शांतता बरी वाटली नाही. त्यानं ताट दगडावर ठेवलं आणि वळून परत आला. मानेवर कुणी बघत असल्यासारखं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा ताट मातीनं लख्ख घासलेलं होतं. दगडावर पालथं घातलेलं होतं आणि त्यावर एक खडा ठेवलेला होता.

बाळासोचे पाय तिथंच थांबले. वाऱ्यानं उडू नये म्हणून पालथ्या भांड्यावर खडा ठेवायची सवय फक्त भामाबाईला होती. माणदेशातल्या उघड्या माळावर, पालात राहिलेल्या आईकडून ती घेऊन आलेली. सिमेंटच्या घरात, बंद खिडकीच्या ओट्यावरसुद्धा ती ताटावर खडा ठेवायची आणि बाळासो त्यावरून तिला हसायचा. आणि हवेत वास होता. भाजलेल्या मिश्रीचा. रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजताना घरभर पसरायचा तोच.

त्यानं घासलेलं ताट उचललं, भरलेलं ठेवलं आणि वळला. वळताना त्याच्या तोंडून नाव निघालं. उत्तर आलं नाही. पण मागं कोरड्या पाल्यावर पाऊल पडल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. बाळासोनं मागं बघितलं नाही. त्या दिवशी तो शेडमध्ये आला तेव्हा पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसत होता, असं रंगुबाईनं नंतर सांगितलं.

तेव्हापासून त्याचं ठरून गेलं. ताट ठेवायचं, पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोलायचं. आज कोण आलं, कोण आलं नाही. गॅसवाल्यानं टाकी उशिरा दिली. तुझ्या तुळशीला पाणी घालतोय. एकदा तो म्हणाला की संध्याकाळचं एकट्याला जेवण जात नाही, तसाच झोपतो. दुसऱ्या दिवशी पालथ्या ताटाखाली बाभळीच्या काट्यानं टाचलेल्या पळसाच्या पानात अर्धी भाकरी होती. बाळासोनं ती घरी नेली. रात्री ताटात घेऊन बसला, पाण्याबरोबर खाल्ली आणि खूप वेळ रडला. मग रोजच अर्धी भाकरी मागं राहू लागली.

त्यानं हे रंगुबाईला सांगितलं. लपवून ठेवण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. रंगुबाई पासष्टीची, नात्यानं कोणी नाही, पण सगळ्या गल्लीची अक्का. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की कुणीतरी उपाशी माणूस खात असेल. बाळासोला ते लागलं. उपाशी असेल तर पंगतीत का बसत नाही, दार काय बंद आहे का, असं तो म्हणाला. आणि उपाशी माणूस अर्धी भाकरी मागं ठेवतो का?

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं की खिंडाराकडं कोणी जायचं नाही. अमृतला त्यानं बिरोबाची शपथ घ्यायला लावली. अमृतनं घेतली, पण त्याच्या तोंडावरून ते त्याला पटलेलं दिसत नव्हतं.

हळूहळू भिंतीपलीकडचं ताट भारी होत गेलं. कुणाच्या घरून वांग्याची भाजी आली की आधी तिकडं. गूळ आला की तिकडं. एका दुपारी स्टेशनकडची पाच-सात माणसं जास्त आली आणि आमटी सरली. शेवटच्या म्हाताऱ्याला कोरडी भाकरी आणि कांदा मिळाला. बाळासोनं मात्र आधीच वाटी भरून बाजूला काढली होती. म्हातारा त्या वाटीकडं बघत होता.

अमृतनं बुट्टी खाली ठेवली. “मामा, मामी आसती तर तिनं ती वाटी कुणाला दिली आसती?”

“तुला काय करायचंय?”

“मला काय करायचंय. मी आपला कांदं चिरनारा.” तो विळीकडं परत गेला. “जित्या माणसानं मरून यावं लागतंय हितं आमटीसाठी.”

एक-दोघं हसले. बाळासोचे कान तापले, पण वाटी त्यानं ताटातच ठेवली आणि खिंडाराकडं गेला. त्या दिवशी तो भिंतीकडं तोंड करून फार काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ताटाखाली अर्धी नाही, पूर्ण भाकरी होती. रंगुबाई म्हणाली, बघ, तिला पण ते आवडलं न्हाई. तरी बाळासोला आनंदच झाला. रागावली तरी बोलली ना, असं त्याला वाटलं.

वैशाख लागला. सोमवारी भामाबाईला दोन महिने होत होते. बाळासोनं घरी हुलग्याचं पीठ मळून शेंगोळी केली. ती आजारी असताना एकदा तिनं खाटेवरून सांगत सांगत त्याच्याकडून करून घेतली होती, तेवढीच त्याला येत होती. वेडीवाकडी झाली. लसूण जास्त पडला. तो वाडगं भरून घेऊन गेला. मंगळवारी ताट आणि वाडगं दोन्ही घासलेली होती, दोन्हींवर एकेक खडा. वाडग्याला लसणाचा वाससुद्धा राहिला नव्हता. मात्र भाकरी नव्हती. मिश्रीचा वासही नव्हता, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

बुधवारीही ताट स्वच्छ होतं.

गुरुवारी भरलेलं होतं. बुधवारचं ताट जसंच्या तसं, आमटीवर साय धरलेली, भाकरीवर मुंग्या. बाळासो ते उचलून शेडमध्ये घेऊन आला. रंगुबाईनं ताट त्याच्या हातातून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली की दोन महिने झाले, पोट भरलं तिचं, आता सोडून दे. बाळासोनं नवीन ताट नेऊन ठेवलं. रात्री त्याला झोप लागली नाही. आपण काय चुकलो, हे तो शोधत राहिला. शेंगोळीत मीठ कमी पडलं होतं का, इथपर्यंत तो गेला.

शुक्रवारी तेही ताट भरलेलंच होतं. वारा पडला होता. पाखरू नाही, कुत्रं नाही. मुंग्यांनी दगडावरून विहिरीच्या कठड्यापर्यंत रेघ धरली होती. बाळासोनं शिळं ताट उचललं, ताजं ठेवलं आणि रीतीप्रमाणं पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड करून तो उभा राहिला.

तेव्हा मागून आवाज आला. टक. पत्र्यावर काहीतरी आपटावं तसा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

तो आवाज बाळासोला बोलावत होता, यात त्याला शंका वाटली नाही. पण मागं बघायचं नव्हतं. बघितलं की संपलं. ती पुन्हा येणार नाही. पालथं ताट नाही, खडा नाही, अर्धी भाकरी नाही. घरी जायचं आणि चार भिंतींत बसायचं, ते थेट मरेपर्यंत. त्यानं दोन्ही हातांनी भिंत धरली. विटा तापलेल्या होत्या, तळवे पोळले, तरी त्यानं हात काढले नाहीत. सरळ चालत शेडमध्ये जावं, असं त्याला वाटलं. पावलंही त्यानं उचलली. दोन पावलं गेला.

टक. या वेळी आवाज बारीक होता. मारणाऱ्याच्या हातात जोर राहिला नसावा, असा.

तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला आवाज कळतो. कोणता आवाज चालू राहणार आहे आणि कोणता बंद पडायच्या बेतात आहे, हे त्याला बघावं लागत नाही. बाळासो थांबला. भामे, माफ कर, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि वळला.

समोर कोणी नव्हतं. दगड, ताट, विहीर, उन्हात पांढरी पडलेली बाभळ. तो किती वेळ बघत राहिला कोण जाणे. मग मोटारीच्या खोलीच्या गंजक्या दारामागं पुन्हा आवाज झाला.

खोलीत काळी घोंगडी पांघरून एक माणूस पडला होता. दाढी वाढलेली, डोळे पिवळे, ओठ फुटलेले. हातात स्टीलचा पेला होता, तोच तो पत्र्यावर मारत होता. घोंगडी बाळासोच्या घरातली होती. कोपऱ्यात भामाबाईची मिश्रीची डबी होती, झाकणावर खिळ्यानं ‘भा’ कोरलेली. बाळासोनंच कोरली होती.

त्याला पहिल्यांदा दया आली नाही. संताप आला. छातीत काहीतरी फुटावं तसा संताप. एवढे दिवस तो या माणसाशी बोलत होता. तुळशीचं सांगत होता.

“तू खात होतास?” त्यानं विचारलं. “ताट तू घासत होतास?”

माणसानं मान हलवली.

“आनि खडा? खडा का ठेवायचास?”

“मावशींनी सांगितलेलं,” तो म्हणाला. आवाज घशातल्या घशात होता. “ताट पालथं घाल, वर खडा ठेव, म्हणजे मला कळंल तू हायस. काका, पाणी.”

बाळासोनं पेला उचलला आणि खिंडाराकडं धावत सुटला. अमृतला हाक मारताना त्याचा आवाज इतका फाटला की अर्धी पंगत ताटावरून उठली. अमृतनं भाजीवाल्याचा छोटा हत्ती टेम्पो थांबवला. दोघांनी त्या माणसाला घोंगडीसकट उचलून आत घातलं. उचलताना अमृतनं त्याचा चेहरा बघितला आणि तोंड फिरवलं. गाडी सुटल्यावर तो म्हणाला, “दिग्विजय सायब हायत, मामा. आमच्या कंपनीत सुपरवायजर हुते. उशीर झाला तर गेटाभाईर उभं करायचे आमाला.”

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. कावीळ होती, अंगात पाणी उरलं नव्हतं. आणखी एक दिवस गेला असता तर आणायची गरज पडली नसती, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. अमृत रात्रभर थांबला. शनिवारी दुपारी बाळासो डबा घेऊन गेला तेव्हा दिग्विजय उशीला टेकून बसला होता.

त्यानं विचारल्याशिवायच सगळं सांगितलं. आधी शिरवळला चांगली नोकरी, मग दारू, मग कुपवाडात त्याहून लहान नोकरी, मग तीही गेली. बायको मुलींना घेऊन इस्लामपूरला माहेरी. भुकेनं तो एकदा पंगतीपर्यंत आला, तर वाढायला अमृत आणि बसायला त्याच्याच हाताखालची माणसं. तो भिंतीमागं पळाला. भामाबाईनं त्याला तिथं बघितलं. बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी ताट ठेवून पाठ फिरवून निघून गेली. पुढं महिनाभरानं पाठमोरी उभी राहूनच दोन शब्द बोलली. तलफ आली की दाताला लाव म्हणून मिश्रीची डबी दिली. चार महिने झाले, दारूला हात लावला नाही, असं तो म्हणाला.

“तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, मावशींनी तुम्हाला सांगून ठेवलंय. तुम्ही पण मागं बघत नव्हता. मग तुम्ही जेवत नाही म्हणालात...”

बाळासोनं डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. कावीळ म्हणून बिनतेलाची भाजी आणि मऊ भात होता. दिग्विजयचा घास होईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला की सोमवारची शेंगोळी जरा लसणाची झाली होती, त्यानंच पोट बिघडलं की काय.

“कसली शेंगोळी?”

“सोमवारी. वाडग्यात.”

दिग्विजयनं घास खाली ठेवला. “काका, रविवारी सकाळी मी पडलो तो उठलोच नाही. ताप होता. रविवारचं ताटसुद्धा मला घेता आलं नाही.”

बाळासोनं पुन्हा विचारलं नाही. आजारी माणसाचा वार चुकतो. तरी बसमध्ये तो बोटांवर दिवस मोजत बसला. रविवारचं, सोमवारचं, मंगळवारचं. तीन ताटं घासलेली होती. तीन खडे. शेडमध्ये आल्यावर त्यानं अमृतला बाजूला घेतलं. अमृतनं आईची शपथ घेऊन सांगितलं की तो खिंडाराकडं गेला नव्हता. मग त्यानं रंगुबाईला विचारलं. ती पदरानं हात पुसून म्हणाली, “भाकरी राहत हुती का त्या तीन दिवशी?”

“न्हाई.”

“मग भूक आसंल तिला बी,” असं म्हणून ती पातेल्याकडं वळली.

रविवारी पंगत बसली. बाळासो रिकाम्या हातांनी खिंडारातून गेला आणि विहिरीकडं तोंड करून उभा राहिला. आता पाठ फिरवायचं कारण नव्हतं. त्यानं सगळीकडं नीट बघितलं, उन्हानं डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मिश्रीचा वास नव्हता. पाल्यावर पाऊल वाजलं नाही. तीन दिवस तिनं खाल्लं आणि चौथ्या दिवशी हात लावला नाही, ते कशासाठी, हे त्याला कळत होतं. आपण वळून बघितल्यावर ती राहणार नाही, हे तिलाही ठाऊक असणार. तिच्याच मुलखातली रीत होती ती. तरी आपण वळावं म्हणून तिनं ताट भरलेलं ठेवलं.

पलीकडून अमृतची हाक आली. म्हातारे लोक थांबलेत, भाकरी कोण वाढणार, असं तो विचारत होता. आलो, असं बाळासो म्हणाला आणि आत गेला. स्टेशनकडची माणसं आजही जास्त होती. त्यानं बुट्टी काखेत घेतली आणि शेवटच्या टोकाकडून वाढायला सुरुवात केली.